चहात घातलेली साडी

आमच्या घरात माझ्या कपड्यांसाठी एकच शब्द होता, मळखाऊ. शब्द आईचा. मळला तरी कळत नाही तो रंग मळखाऊ. पायपुसणी, उशांचे अभ्रे, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचा पडदा हे सगळं मळखाऊ असावं, असं तिचं ठाम मत होतं. मात्र एकोणीस वर्षांच्या धडधाकट मुलीने स्वतःहून मळखाऊ व्हावं, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. ती स्वतः मोरपंखी, चिंतामणी, अबोली या रंगांची. माझी मोठी बहीण सुजाताताई अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती आणि रोज सकाळी घरातून राणी किंवा पोपटी रंगाचा एक झोत बाहेर पडायचा. तिच्या मागून मी कॉलेजला निघायचे, राखाडी कुर्ता, मातकट सलवार आणि रव्याच्या रंगाची ओढणी घालून. आई दारात उभी राहून म्हणायची, "मितू, निदान टिकली तरी लाल लाव गं. लोकांना वाटेल, आम्ही तुला जेवायला देत नाही."

माझं खरं नाव संघमित्रा. ते पप्पांनी ठेवलेलं, आणि ते फक्त शाळेच्या दाखल्यावर आणि पप्पा रागावले की ऐकू यायचं. आम्ही परळच्या एका खोलीतून भाईंदर पूर्वेला गोडदेवच्या अंगाला राहायला आलो तेव्हा मी लहान होते. तिसऱ्या मजल्यावरची ती दोन खोल्यांची जागा आम्हाला राजवाडा वाटली, कारण तिला स्वतःची मोरी होती आणि खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. ऊन चढलं की मिठाच्या राशी चमकायच्या. आज त्या खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या माणसाचा टीव्ही दिसतो, आणि आवाज बंद असला तरी कोणती मालिका चालू आहे ते कळतं. तेव्हा आजूबाजूला सगळीकडे बांधकाम चालू होतं. दिवसभर लाद्या कापायच्या यंत्राचा कर्रर्र आवाज, त्यात समोरच्या दारातल्या हंसाबेनच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि एक दिवसाआड संध्याकाळी नळाचा तो खोकल्यासारखा आवाज. तो आला की अख्ख्या जिन्यात "पानी आया, पानी आया" अशी धावाधाव. पाणी तासभर यायचं. त्या तासात आईशी कुणी बोलायचं नाही, असा घरचा नियम होता.

मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मला मराठीतून सुचायचं आणि घरी इंग्रजीतून, त्यामुळे दोन्हीकडे मी गप्पच असायचे. गप्प माणसाला एक सोय असते, त्याला भरपूर बघता येतं. पण आपण बघत असताना कुणी आपल्याकडे बघू नये, असंही त्याला वाटतं. भडक रंग घातला की बायका थांबवून विचारतात, "अय्या, कुठून घेतलंस?" आणि मग उत्तर द्यावं लागतं. बदामी रंगाला कुणी काही विचारत नाही. एवढ्याच कारणाने मी त्या रंगांकडे वळले हे खरं आहे. पण तिथे गेल्यावर मला कळलं की ही जागा रिकामी नाही, इथे भरपूर वस्ती आहे. राखाडी म्हणजे एकच रंग नव्हे. चुलीतली राख वेगळी, ओल्या सिमेंटचा रंग वेगळा, पारव्याच्या पाठीचा वेगळा. मोतिया, बिस्किटी, सुंठीचा, तागाच्या गोणीचा, जुन्या वर्तमानपत्राचा. आई ज्याला एका शब्दात मळखाऊ म्हणून मोकळी व्हायची, त्यात मला वीस-पंचवीस जण वेगवेगळे दिसायला लागले.

कापड मी स्टेशनजवळच्या एका किलोवाल्याकडून आणायचे. परदेशी पाठवायच्या कपड्यांचे उरलेले तुकडे तो तराजूत घालून विकायचा. गोऱ्या लोकांना फिके रंग आवडतात, आपल्याकडे ते कुणी घेत नाही. त्यामुळे दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात बदामी-राखाडीचा एक डोंगर कायम पडलेला असायचा. मला पाहिलं की तो ओरडायचा, "आओ मैडम, आपका उदास माल आया है." मी त्या डोंगरात हात घालायचे. घरी येऊन शनिवारी दुपारी सगळं पलंगावर पसरायचं. तीन रंग एकमेकांशेजारी ठेवायचे, दोन जवळचे आणि एक थोडा गडद, म्हणजे बाकीच्या दोघांना पाठीशी कुणीतरी आहे असं वाटतं. मग कोल्हापुरी चप्पल, तागाची पिशवी. ताई दारातून बघून म्हणायची, "झालं का तुझं चिखलाचं प्रदर्शन?" आज तिचीच मुलगी मला फोनवर बदामी कपड्यांतल्या बायकांचे फोटो पाठवून विचारते, मावशी, हे कसं जुळवायचं? मी सविस्तर उत्तर देते. सूड असाही घेता येतो.

हंसाबेनना मात्र माझ्या कपड्यांचा खरोखर त्रास व्हायचा. त्यांच्यात फिकं-पांढरं नेसून बायका निघाल्या की समजायचं, कुठेतरी कुणीतरी गेलं आहे. एकदा मी नखशिखांत मोतिया रंगात निघाले होते, माझ्या मते तोवरची माझी सर्वोत्तम जुळणी. हंसाबेननी जिन्यात माझा हात धरला. "कौन था, बेटा?" मला काही कळेना. "बहुत उमर थी?" त्यांनी विचारलं. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी मला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला होता, आणि इतक्या मायेने केलेली गोष्ट चुकीची आहे हे त्यांना सांगण्याची माझ्यात हिंमत नव्हती. मी नुसती मान हलवली. त्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी त्यांच्याकडून खिचडी आणि कढी आली, दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी आईने मला विचारलं, "मितू, आपल्यातलं कोण गेलंय, मला पण सांग ना. दोन दिवस मी कढी खातेय, निदान कुणाच्या नावाची ते तरी कळू दे."

आमच्या स्वतःच्या घरात पांढऱ्याचा अर्थ याच्या बरोबर उलटा होता. पौर्णिमेला बुद्धवंदनेला बसायचं ते पांढरं नेसून. लग्न पांढऱ्यात. नव्या जागेत पाऊल टाकायचं ते पांढऱ्यात. पप्पा सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांचे शर्ट ते स्वतः धुवायचे, नीळ किती थेंब घालायची हे कुणाला शिकवूनही येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. दोरीवर शर्ट वाळत घातला की ते दोन पावलं मागे जाऊन बघायचे, चित्रकार बघतो तसे. त्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही सुक्या बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाता खाता, सहज. "कोकणात आमच्या लहानपणी दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं आमच्या अंगावर. धुतलेलं पांढरं घालून वाटेने निघालं की लोक विचारायचे, कुणाचं चोरलंस रे? म्हणून पांढरं." एवढं बोलून त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली. घरात त्यानंतर पांढऱ्यावर कुणी वाद घातला नाही. ताईचं लग्न ठरेपर्यंत.

ठाण्याचं स्थळ होतं, मिलिंद नावाचा सरळ मुलगा, लग्न रविवारी भाईंदरमधल्याच हॉलमध्ये. लग्नाच्या आधीच्या रविवारी पप्पा स्वतः दादरला जाऊन साडी घेऊन आले. रुपेरी बारीक काठाची सुती-रेशमी, आणि पांढरी. नुसती पांढरी म्हटल्याने तिचं वर्णन होत नाही. ती निळसर पांढरी होती, डोळ्यांवर आपटायची. ताईने अंगावर घेतली, आरशात पाहिलं आणि पलंगावर बसली. ताईचा रंग छान गडद, गुळाच्या भेलीसारखा, आणि पोपटी-राणीत तो असा झळकायचा की बसस्टॉपवरची रांग वळून बघायची. त्या पांढऱ्यात मात्र तिचा चेहरा विझून गेला होता.

"मला साडी नाही, ट्यूबलाइट नेसवलीय," ती म्हणाली.

"लग्न पांढऱ्यातच होणार," पप्पा म्हणाले.

"मग मी ड्रेस घालून रजिस्टर लग्न करते. मला राणी रंग पाहिजे."

"राणी रंगात या घरातलं लग्न होणार नाही."

आई एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होती. मग तिने, अडचणीच्या वेळी ती नेहमी करायची तसं, चहा टाकला. पप्पा चहा न घेता उठून गॅलरीत गेले. त्यानंतर त्यांनी ताईशी बोलणं बंद केलं, आणि ताईनेही. दोघांचे निरोप माझ्यामार्फत. "पप्पांना सांग, पत्रिका वाटायला मी येणार नाही." "तुझ्या ताईला विचार, माझं पेन कुठे ठेवलंय." मी जन्मात जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या दोन दिवसांत बोलले, आणि त्यातला एकही शब्द माझा नव्हता.

सोमवारी दुपारी ताई रडून झाल्यावर साडी पुन्हा अंगावर टाकून आरशासमोर उभी होती. मी, का कोण जाणे, माझी बिस्किटी ओढणी काढून तिच्या खांद्यावर टाकली. आरशात एकदम कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. ताईने ओढणी काढली, पुन्हा टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "साडी या रंगाची असती ना, तर मी गुपचूप नेसले असते." मला तिथेच थांबायला हवं होतं. पण शाळेत आम्हाला खजिन्याचा जुना नकाशा बनवायला शिकवलं होतं. कोरा कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, की तो शंभर वर्षांचा दिसतो. माझ्या नकाशाला वर्गात पहिला नंबर मिळाला होता. कागद झाला तर साडी का होणार नाही, असा मी विचार केला.

मंगळवारी आई पत्रिका घेऊन काशीगावला पप्पांच्या चुलतभावाकडे गेली. ताईने रजा काढलीच होती. लग्नाच्या पाहुण्यांसाठी आणलेली चहा पावडर मी कोरी उकळली. साडी बुडेल एवढं मोठं भांडं घरात एकच होतं आणि त्यात आईने चकल्या भरून ठेवल्या होत्या. म्हणून जिन्याखाली बांधकामवाल्यांनी टाकलेलं एक लोखंडी घमेलं मी घासूनपुसून वर आणलं. त्यात चहा ओतला, आणि साडी दुकानातून आली होती तशी, घडीची घडी, कोरडी, आत ठेवली. वर पाटा ठेवला, तरंगू नये म्हणून. मग आम्ही दोघी अर्धा तास चकल्या खात बसलो.

पाटा उचलून आम्ही साडी उलगडली. घड्यांच्या रेषांवर फिकट तपकिरी चौकोन पडले होते, मध्ये पांढरे ठिपके राहिले होते. हुबेहूब नकाशा झाला होता, वर्गात नक्की पहिला आला असता. आणि पदर, जो घमेल्याच्या तळाला टेकला होता, तो तपकिरी झालाच नव्हता. त्यावर काळपट राखाडी डाग होते, पावसाळी ढगांसारखे. ताई मोरीच्या उंबऱ्यावर बसली. "मितू," ती अगदी हळू म्हणाली, "आता मला काहीच नेसता येणार नाही. ना पांढरं, ना राणी." रविवारला पाच दिवस होते. पिंपात तळाशी वीतभर पाणी होतं, आणि त्या दिवशी नळाला पाणी आलंच नाही.

दोघी तशाच बसलेल्या असताना दारावर थाप पडली आणि नेहमीची हाक, "हाय का कोन? बोंबील हाय ताजं!" फिलू मावशी. उत्तनजवळच्या चौक गावातून ती डोक्यावर टोपली घेऊन बसने यायची, आणि मंगळवार, गुरुवार आमच्या जिन्यात. साठी केव्हाच उलटलेली, कानात सोन्याच्या जड कुड्या, आवाज तीन इमारतींना पुरेल एवढा. मी दार उघडलं. माझे हात कोपरापर्यंत तपकिरी. तिने ते पाहिले, माझ्या खांद्यावरून मोरीत पाहिलं, ताई पाहिली, साडी पाहिली.

"काय गो, चाय सांडली का साडीवं?"

"सांडली नाही मावशी. घातली."

"घातली?" तिने टोपली खाली ठेवली. "आनि ही कुनाची?"

"हिची. लग्नाची."

फिलू मावशी एवढी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसता हसताच ती आत आली, साडीचं टोक उचलून हुंगलं आणि म्हणाली, "आलं न्हाय ना घातलं?" ताई इतका वेळ रडायच्या बेतात होती, तिला हसूच फुटलं, आणि मग ती खरंच रडली.

मावशीने पदर खिडकीशी नेला. तिचा बाप मच्छीमार. तेव्हा जाळी नायलॉनची नव्हती, सुताची होती, आणि समुद्रात कुजू नयेत म्हणून दर पंधरवड्याला झाडाची साल उकळून त्या पाण्यात रंगवावी लागायची. ते काम बायका-पोरींचं. "कोरडं जालं घातलं त असंच डाग पडतान," ती म्हणाली. "आदी भिजवावं लागतं. समदं सारखं ओलं झालं की मंग रंगान सोडायचं. आनि हात थांबला न्हाय पायजे, हात थांबला की डाग. तुमी बसलाव चकल्या खात." तिने ताटलीतल्या चकल्यांच्या चुऱ्याकडे पाहिलं आणि घमेल्याला पायाने ढकललं. "आनि लोखंड! अगो, लोखंड लागलं म्हंजे काळं होतं. खिला जरी पडला ना त्या पान्यान, तरी आमचा बापूस आमाला धुवायचा." यामागचं रसायनशास्त्र मला पुढे कित्येक वर्षांनी एका पुस्तकात वाचायला मिळालं. फिलू मावशीकडून कळलं होतं तेवढं काही ते पुस्तक समजावू शकलं नाही.

"मग आता पदराचं काय?" मी विचारलं.

"काळा झाला त झाला. परत न्हाय जात त्यो." ती पदर उलटापालटा करत राहिली. डागांच्या मध्ये एक जागा होती, तळहाताएवढी, जिथे राखाडी सारखा लागला होता. पारव्याच्या मानेचा रंग. मला तो गेली दोन वर्षं किलोवाल्याच्या डोंगरात सापडत नव्हता. मी त्या जागेवर बोट ठेवलं. "सगळा पदर असा करता येईल?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मते त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "जुनं खिलं गोला करून ठेव," ती म्हणाली. "बिस्तरवारी येतंय."

बिस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, ती टोपलीत बोंबलांवर जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, मोठं पातेलं उपडं घालून आली. पाणी पाच वाजता आलं. साडी आधी साध्या पाण्यात भिजवली, मग पातेल्यातल्या चहात सोडली, पदर बाहेर धरून. मी आणि ताई कपडे धोपटायच्या काठीने हलवत होतो, मावशी पाटावर बसून हुकूम सोडत होती, "खालचं वर, वरचं खाली, थांबलीस का? कोनी सांगितलं थांबाया?" नेमकी तेव्हाच आई आली. पाणी आलंय या धास्तीने ती बाजारातून अर्ध्या वाटेवरूनच परतली होती. मोरीच्या दारात ती उभी राहिली. पातेल्यात मुलीच्या लग्नाची साडी, शेगडीवर चहा, बादलीत गंजके खिळे, आणि सगळ्याला बोंबलांचा वास. ताईच्या हातातली काठी थांबली. आईने पिशवी खाली ठेवली, निऱ्या वर खोचल्या आणि काठी घेतली. "हलव ना," ती म्हणाली. "थांबलीस तर बुडाला लागेल." पिठलं हलवावं तशी तिने साडी हलवली, आणि नळाच्या त्या तासात ती पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलली.

पदर सगळ्यात शेवटी खिळ्यांच्या बादलीत गेला. मावशी मोजत होती, मोजायचं काय ते तिलाच ठाऊक. "काड." आम्ही काढला. साडीवर कुठेच पांढरा ठिपका नव्हता, कुठेच तपकिरी रेघ नव्हती. आधीचे चौकोन नव्या रंगात बुडून गेले होते. दुधावरच्या सायीत थोडा चहा पडावा तसा रंग, रुपेरी काठ जुन्या चांदीच्या वाटीसारखा मऊ, आणि खांद्यापाशी तो रंग हळूहळू पारवा होत गेलेला. ही जुळणी माझी नव्हती, घमेल्याची होती. पण अशी मला कधी सुचली नसती.

पप्पांना दिसू नये म्हणून ती हंसाबेनच्या गॅलरीत वाळत घातली. त्यांनी खुशीने दोरी रिकामी केली. "ये अच्छा किया," त्या म्हणाल्या. "सफेद में मेरे को डर लगता है, सच्ची." आणि आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना मी सांगणार नाही आणि सुजा तर बोलतच नाहीये. डोकं तुझं, तर तोंडही तुझंच. सांग तूच."

शुक्रवार मी सांगायचं कसं याचा विचार करण्यात घालवला. शाळेत भाषण पाठ करायचे तसं पाठ केलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. शनिवारी पप्पा अर्ध्या दिवसाने घरी आले आणि खिडकीशी बसून पाहुण्यांची यादी तपासत होते. मी साडी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. "पप्पा," मी म्हणाले, "साडी मी चहात घातली."

त्यांनी यादी खाली ठेवली. हात पुढे केला. साडी मांडीवर घेतली, मग उठून खिडकीच्या उजेडात धरली, आणि दोरीवरच्या शर्टाकडे बघायचे तसे तिच्याकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. ताई आतल्या दारात होती. मला वाटत होतं, ते आता म्हणतील, संघमित्रा.

"हा कोणता रंग?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे किलोवाल्याच्या तुकड्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांवरची वीसेक इंग्रजी नावं होती. एकही वापरावंसं वाटलं नाही. "पांढराच आहे, पप्पा. फक्त ताईच्या अंगाला शोभेल असा. हिला त्यात बघा ना एकदा."

ते ताईकडे वळले. सहा दिवसांत पहिल्यांदा. ताई पुढे आली आणि पदर खांद्यावर घेऊन उभी राहिली. पप्पा बराच वेळ बघत होते, साडीकडे कमी आणि ताईकडे जास्त.

"नेसशील?" त्यांनी विचारलं.

"नेसेन."

"आणि हा पदर असा मुद्दाम केलाय?"

"नाही," मी म्हणाले. "पदर चुकला होता."

"मग तो चुकला होता हे कुणाला सांगू नकोस." ते आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात लग्नासाठी शिवलेला नवा शर्ट होता, नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला. "आज पाणी येईल ना पाचला? यालाही जरा दाखव चहा. मुलीपेक्षा बाप पांढरा दिसायला नको."

आई आतून ओरडली, "पावडर संपत आलीय! शर्टाला घातली तर उद्या पाहुण्यांना काय देऊ?"

"सरबत दे," पप्पा म्हणाले.

रविवारी हॉलमध्ये ताई आली तेव्हा कुजबुज झाली. वंदना झाली, हार झाले. ताईची सासू, एक उंच, कमी बोलणारी बाई, मंचाच्या कडेला ताईजवळ आली आणि पदर दोन बोटांत धरून बघू लागली. "कुठल्या दुकानातली?" तिने पप्पांना विचारलं. चहाच्या रंगाच्या शर्टात उभे असलेले पप्पा म्हणाले, "घरी केलीय. आमच्या धाकटीने." आणि त्यांनी मला हाक मारली, पूर्ण नावाने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. मी पुढे गेले. पळून जायला वाट नव्हती.

"रंग जातो का गं?" सासूबाईंनी विचारलं.

खोटं बोलायचं मनात आलं होतं. "जातो," मी म्हणाले. "धुण्यागणिक थोडा थोडा जातो. मग परत चहात घालावी लागते. ते हिला एकटीला जमणार नाही."

त्यांनी पदर सोडला, ताईच्या खांद्यावर नीट केला. "मग रंग उतरला की पाठवू हिला माहेरी," त्या म्हणाल्या. "काम झालं की परत यायचं."

ताई पंधराव्या दिवशी साडी घेऊन दारात उभी होती. पप्पांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली. रंग जराही उतरला नव्हता. त्यांनी घडी घालून ठेवली आणि म्हणाले, "बराच गेलाय. चार दिवस तरी लागतील."